घोडुल्यांच्या गावात

निवृत्त माणसाला भेटणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रकृतीचा. दुसरा, ‘मग हल्ली वेळ कसा जातो?’ पहिल्याला ‘ठीक आहे’ म्हटले की भागते. दुसऱ्याचीही उत्तरे आमच्या मलकापुरात ठरून गेलेली आहेत. कोणी पहाटे उठून नळगंगेच्या अंगाला फिरून येतो, कोणी दर गुरुवारी शेगाव गाठतो, कोणी मुलाच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला राजकारण समजावून सांगतो. मी ‘वाचतो थोडेफार’ असे म्हणून सुटका करून घेतो. हे खोटे नाही. पण वाचनाला लागतो त्याहून अधिक वेळ ज्या गोष्टीला लागतो तिचे नाव मात्र मी घेत नाही.

ती गोष्ट अशी, की टपाल खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केलेला, सत्तरी गाठलेला, घरीदारी थोडासा करडा समजला जाणारा मी, रोज दुपारी जेवण झाल्यावर लहान मुलींसाठी काढलेली कार्टून मालिका पाहतो. तीतही वाघ-सिंह नाहीत, मारामारी नाही. गुलाबी, जांभळ्या, पिवळ्या घोड्या आहेत. कोणाला पंख, कोणाच्या कपाळी शिंग. सगळ्यांच्या पापण्या लांब आणि आयाळ वाऱ्यावर उडणारी.

सुरुवात २०२० साली झाली. पुण्याचा थोरला मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात पाडव्याला म्हणून चार दिवस आधी आलेली, आणि त्या वर्षी नेमक्या पाडव्याच्याच दिवशी सगळा देश बंद झाला. चार दिवसांचे चार महिने झाले. मुलगा आणि सून दोन खोल्यांत दोन यंत्रांपुढे बसून नोकरी करीत. नातीला सांभाळणे माझ्याकडे आले. मलकापूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको, की अकरानंतर घराबाहेर डोके काढणे म्हणजे कढईत उडी घेणे. तेव्हा कूलरपुढे चटई टाकून आजोबा-नात मोबाइलवर घोड्या पाहू लागलो. इंग्रजी निम्मे मला कळे, निम्मे ती सांगे. ‘पोनी’ला आमच्या शब्दकोशात तट्टू म्हणतात हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी तो शब्द परत घेतला. तिने त्यांना ‘घोडुल्या’ म्हणायचे ठरवले. दुपारी दोनच्या सुमारास ती झोपून जाई. मोबाइल बंद करायला म्हणून मी हात पुढे करी. आणि बंद काही होत नसे.

‘माय लिटल पोनी’ हे नाव मूळचे खेळण्यांचे. १९८०च्या दशकाच्या आरंभी हास्ब्रो नावाच्या अमेरिकन कंपनीने ती बाजारात आणली. त्यांच्यावर अधूनमधून चित्रपटही निघाले. पण मी सांगतो ती मालिका १० ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाली आणि नऊ हंगाम चालून २०१९ च्या ऑक्टोबरात संपली. ती उभी केली लॉरेन फाउस्ट या बाईंनी. लहानपणी त्या स्वतः याच खेळण्यांशी खेळत, आणि मुलींसाठी म्हणून जे काही काढले जाते ते बावळटच का असावे, असा त्यांना प्रश्न पडला होता. म्हणून त्यांनी सहा मैत्रिणी सहा तऱ्हांच्या केल्या. एक पुस्तकी किडा, एक शेतकरीण, एक शिवणकामात रमणारी नखरेल, एक शर्यतवेडी, एक बडबडी, आणि एक इतकी लाजरी की स्वतःचे नाव सांगतानाही आवाज फुटू नये.

आता खरे सांगू? मला या मालिकेने धरून ठेवले ते टपालाने. ती पुस्तकी जांभळी घोडुली, ट्वायलाइट तिचे नाव, राजधानीतून एका खेड्यात धाडलेली असते. मैत्री म्हणजे काय हे शिकायचे आणि जे कळेल ते पत्राने राणीसाहेबांना कळवायचे, हे तिचे काम. पत्र घेऊन जायला डाकिया नाही. तिच्याजवळ एक बाळ-ड्रॅगन आहे. तो पत्रावर फुंकर मारतो, पत्र जळते आणि त्याच क्षणी राजवाड्यात उमटते. तिकीट नाही, शिक्का नाही, पत्ता अपुरा म्हणून परत येणे नाही! छत्तीस वर्षे मी जी खाती सांभाळली त्यांचा असा धूर झालेला पाहून मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. उलट, दर आठवड्याला बसून ‘या आठवड्यात मला माणसांविषयी काय कळले’ हे कोणी तरी कोणाला तरी लिहिते आहे, ही कल्पनाच मला फार आवडली. आम्ही हजारो पत्रे हाताळली. त्यांत ‘येथील सर्व क्षेम’ याच्यापलीकडे जाणारी किती होती?

एका भागात तर ट्वायलाइटला आठवडाभर काही शिकायलाच मिळत नाही. अहवालाचा दिवस उजाडतो आणि कागद कोरा. आता राणीसाहेब रागावतील या धास्तीने तिची झोप उडते, केस विसकटतात. ज्याने मार्चअखेर पाहिला आहे त्याला हे दुःख नव्याने समजवायला नको. शेवटी धडा मिळावा म्हणून भांडण हवे, आणि भांडण मिळेना म्हणून ती स्वतःच्या लहानपणच्या एका फाटक्या बाहुलीवर मंत्र टाकते. ज्याची नजर पडेल त्याला ती बाहुली हवीशी होईल असा. सगळा गाव त्या बाहुलीसाठी मारामारीवर येतो. राणी येऊन मंत्र उतरवते, सगळे ओशाळून पांगतात. पण एक जण मागे राहतो. शेतकरणीचा थोरला भाऊ, लाल रंगाचा, बैलासारख्या खांद्यांचा, ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे न बोलणारा घोडा. तो इकडेतिकडे पाहतो, बाहुली उचलतो आणि धूम पळतो. मंत्र तर उतरलेला असतो. मी एकटाच मोठ्याने हसलो आणि नात जागी झाली.

पुढे ती मंडळी पुण्याला परत गेली. मी पाहत राहिलो. दोनएक वर्षांनी नात दिवाळीला आली तेव्हा मी उत्साहाने विषय काढला. ती म्हणाली, ‘‘आबा, ते लहान मुलींचं आहे.’’ तिचे बरोबरच होते. ती आठ वर्षांची झाली होती. मीच तेवढा मागे राहिलो होतो.

मग थोरल्याने एक दिवस फोनवर सांगितले की बाबा, तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत अशा पुरुषांना नावसुद्धा आहे, ब्रोनी. मित्राला ते ‘ब्रो’ म्हणतात, त्याला पोनी जोडली. मालिका लागली त्याच वर्षी जाणती पोरे टिंगल करायला म्हणून ती पाहायला बसली आणि तिथेच रमली. २०११ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांचा पहिला मेळावा भरला तेव्हा शंभरेक डोकी जमली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाल्टिमोरला शेवटचा भरला तेव्हा दहा हजारांच्या वर. त्यांत विद्यार्थी होते, यंत्रांवर काम करणारे होते, फौजेतलेही होते. ही मंडळी घोडुल्यांवर गाणी रचीत, चित्रे काढीत, कथा लिहीत. मालिकेत कुठे कोपऱ्यात क्षणभर दिसणाऱ्या, नावगाव नसलेल्या घोडुल्यांनाही त्यांनी नावे दिली आणि चरित्रे दिली. करणाऱ्यांनीही या प्रेमाची बूज राखली. शंभरावा भाग त्यांनी त्या कोपऱ्यातल्या घोडुल्यांवरच काढला. जपानात तर हे जुनेच. तिकडे मुलींच्या मालिका पाहणाऱ्या प्रौढांना ‘थोरले दोस्त’ अशा अर्थाचा शब्द आहे. आणि १९५३ साली मुलींच्या मासिकात शूर राजकन्येची चित्रकथा रंगवून त्या सगळ्या प्रकाराला मोठे वळण देणारा ओसामू तेझुका हा तरी कोण? पुरुषच.

सगळे चांगलेच आहे असे मी म्हणणार नाही. त्या मंडळींत काहींनी या निरागस चित्रांचे नको ते केले, आणि पोरींच्या मेळ्यात बाप्ये घुसले तर आईबापांनी जरा डोळे उघडे ठेवावेत, यात मला काही वावगे दिसत नाही. आमच्या आळीतही ठेवीत. असो. पण टिंगल झाली ती त्या थोड्यांची नव्हे, सगळ्यांचीच झाली.

ही टिंगल माझ्या ओळखीची आहे. आमच्याकडे भुलाबाई बसते. घाट उतरून खाली ज्यांचे गाव, त्यांना भोंडला ठाऊक असेल. तिची ही वऱ्हाडातली बहीण म्हणा. भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि भुलोबा कोनाड्यात बसवायचे, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायचे. शेवटच्या दिवशी ज्वारीच्या ताटांची खोपी करून तिच्यात तिला बसवायचे. दर घरी गाणी झाली की खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा हलवून दाखवायचा आणि पोरींनी नावे घ्यायची. १९६०नंतरची चार-पाच वर्षे ताईच्या टोळीत कंदील धरायला मी असे. कंदील हे निमित्त. मला सगळी गाणी पाठ होती, आणि खाऊ ओळखण्यात तर माझ्या नाकाचा हात कोणी धरीत नसे; डबा उघडायच्या आत मी शेंगदाण्याची चटणी घातलेला भात आणि नुसता फोडणीचा भात यांतला फरक सांगे. सासर, माहेर, रुसणे, बोलावणे धाडणे, कोण कोणाला न्यायला आले, हे सगळे त्या गाण्यांत होते. आमच्या विटीदांडूत त्यातले काहीच नव्हते.

आठ वर्षांचा झालो आणि एका संध्याकाळी चौकातल्या पोरांनी ती आरोळी ठोकली. मुलींतल्या लांबोड्याची ती आरोळी तुम्हीही ऐकली असेल. तिच्या दुसऱ्या चरणात त्या बिचाऱ्यावर कोंबडा भाजून खाल्ल्याचा आरोप असतो. आम्ही शाकाहारी. त्या आरोपानेच मला जास्त रडू आले. दुसऱ्या दिवसापासून कंदील शेजारच्या धाकट्या पोराकडे गेला, आणि मी ओसरीवर बसून लांबून गाणी ऐकू लागलो.

पुस्तकांचेही तेच. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आमच्या वर्गात हातोहात फिरे. पण त्याच ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली आहे, आणि ती मी ताईच्या नावावर वाचनालयातून आणवून, भूगोलाच्या पुस्तकात ठेवून वाचली. ताईने ‘गोट्या’ अंगणात खाटेवर बसून वाचला; तिला कोणी हटकले नाही. उलट वडील कौतुकाने म्हणाले, पोरगी हुशार आहे. हा हिशेब मला तेव्हाही सुटला नाही, आजही सुटत नाही. पोरीने पोरांचे काही उचलले तर ती वर चढली, आणि पोराने पोरींचे उचलले तर तो खाली पडला. म्हणजे पायरीच तशी बांधलेली. मोठी मौज ही, की याच महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचे मुरडणे पाहायला लोक गाड्या जुंपून जात, आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखे नेसायला शिकत. तिकीट काढून पाहिले की चालते, एवढाच काय तो अर्थ मी लावू शकलो.

माझा एक मित्र आहे. जिनिंगमध्ये मुनीम होता. चाळीस वर्षांची आमची ओळख. संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावर एका टपरीच्या बाकड्यावर बसून चहा पितो आणि भुसावळकडून येणाऱ्या गाड्या मोजतो. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याची बायको गेली. तो रडला नाही. तेरवीचा सगळा हिशेब त्याने स्वतः मांडला, रुपयाचा फरक येऊ दिला नाही. त्यानंतरही तो रोज येई, कापसाचा भाव सांगे, पाऊस सांगे. वहिनींचे नाव मात्र घेत नसे. मीही घेत नसे. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांना न सांगितलेल्या गोष्टींचीच मोजदाद अधिक भरेल.

एकदा तो लवकर आला आणि मी मोबाइल बघत बसलो होतो.

‘‘काय पाहून राह्यला बे?’’

लपवायला वेळच नव्हता. त्याने चष्मा पुसून पाहिले. ‘‘घोडी उडून राह्यली,’’ असे म्हणाला आणि शेजारी बसला.

तो भाग कासवाचा होता. त्या सहांतली शर्यतवेडी, सगळ्यांत शूर, तिने एक कासव पाळलेले असते. थंडी येते. कासव जमिनीत शिरून तीन महिने झोपणार, हे तिला पटत नाही. ती त्याला जागे ठेवू पाहते, मग थंडीच येऊ नये म्हणून हिवाळ्याचा कारखानाच बिघडवायला निघते. कोणाला काही बोलू देत नाही. शेवटी ती लाजरी, जिला कधी कठोर शब्द बोलता येत नाही, तीच तिला स्पष्ट सांगते, की या हिवाळ्यात तुझे कासव तुझ्याजवळ नसेल. तेव्हा ती शूर घोडुली जी रडू लागते, आणि बाकीच्याही तिच्याबरोबर रडायला बसतात. कोणी ‘उगी’ म्हणत नाही. मी हे सगळे मित्राला वऱ्हाडीत समजावून देत होतो, नात मला देई तसे. मध्येच लक्षात आले की तो ‘मंग?’ म्हणायचा थांबला आहे.

भाग संपला. एक मालगाडी गेली. खूप लांब होती.

‘‘कासवाचं बरं हाय लेका,’’ तो म्हणाला, ‘‘फागुनात उठते तरी थे.’’

मग त्याने सांगायला सुरुवात केली. दवाखान्याच्या दारातून परत यावे लागले ती रात्र, तिने शेवटी मागितलेले ताक, जे त्याला देता आले नाही. टपरीवाल्याने दिवा लावला तरी तो सांगत होता. मी ‘उगी’ म्हटले नाही. हे मला सत्तर वर्षांत कोणी शिकवले नव्हते. तासभरापूर्वी त्या घोडुल्यांनी दाखवले नसते तर मी नक्कीच त्याची पाठ थोपटून ‘चालायचंच’ म्हटले असते. दुसऱ्या दिवशी चहा यायच्या आधीच त्याने विचारले, ‘‘आज काय लावतो?’’

एवढ्यावर हे लिखाण थांबले असते; पण यंदाच्या जूनमध्ये एक प्रकरण घडले. धाकटा मुलगा इथे माझ्याजवळच राहतो. त्याचा मुलगा सहा वर्षांचा. दुपारची चटई आता त्याची. शाळा उघडायच्या आठवड्यात त्याला दप्तर घ्यायला मी बाजारात गेलो, तर दुकानात टांगलेल्या वीसेक दप्तरांतून त्याने बोट दाखवले ते ट्वायलाइटवर. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, थे पोरीचं हाय.’’ माझ्या डोळ्यांपुढे २०१४ सालची एक बातमी उभी राहिली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा असेच घोडुलीचे दप्तर घेऊन शाळेत जाई. पोरांनी त्याला छळले, तेव्हा शाळेने पोरांना आवरायचे सोडून त्यालाच दप्तर घरी ठेवायला सांगितले. पुढे गावोगावच्या लोकांनी आवाज उठवला आणि शाळेला ते मागे घ्यावे लागले. पण तिथे गावोगावचे लोक होते. इथे मी आणि एक निवृत्त मुनीम.

दप्तर घेतले. घरी मुलगा रागावला नाही, नुसता म्हणाला, ‘‘बाबा, पोरं त्याला जगू देतील का?’’ त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यालाही कधी तरी कोणी तरी काही तरी म्हटले असेल. मला त्याने सांगितले नाही, आणि मी विचारलेही नव्हते. सूनबाई मात्र म्हणाली, ‘‘नेऊ द्या. नाही जमलं तर बघू.’’

दोन दिवस त्याने दप्तर नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीत आला तेव्हा हातात वहीच्या कव्हराचा खाकी कागद होता. चित्राच्या मापाने त्याने स्वतःच कापलेला, वाकडातिकडा. ‘‘आबा, हा वरून चिकटवून द्या.’’ शाळेत काय झाले ते त्याने सांगितले नाही. दुसरे दप्तर घेऊ या का, असे विचारले तर जोरात मान हलवली. ‘‘हेच पाहिजे. फक्त दिसायला नको.’’

तेव्हापासून आमचा हा नेम आहे. सकाळी मी चार कोपऱ्यांना अगदी थोडा डिंक लावून कागद बसवतो. संध्याकाळी तो शाळेतून आला, की ओल्या फडक्याने कागद सोडवायचा. पाकिटावरचे तिकीट न फाडता सोडवण्याची विद्या नोकरीत अंगी मुरली होती, ती आता उपयोगाला येते. मग दप्तर खुंटीला चित्र पुढे करून टांगायचे. मधल्या काळात कोणत्या तरी दिवशी एक कागद घाईने ओढला गेला आणि ट्वायलाइटचा डावा कान निघून आला. त्याने स्केचपेनने तिथे नवा कान काढला आहे. तो घोड्याचा कमी आणि हत्तीचा जास्त दिसतो. काल मुनीम आला होता, त्याने चष्मा पुसून तो कान नीट पाहिला आणि म्हणाला, ‘‘मस्त आयकू येत असन तिले.’’